छपरावरची स्टेपनी

"साडेएकवीस इंची चाक! कारखाना बंद पडून नऊ वर्षं झाली, दादा," फोनवर टायरवाले हमीदभाई म्हणाले. "दुसरा टायर चढवला तर गाडीचा कॉम्प्युटर तो ओळखणार नाही, गाडी जागची हलणार नाही. स्टेपनी कुठंय?"

गाडीच्या फाटलेल्या टायरावरची नजर काढून विलासरावांनी गोठ्याकडं पाहिलं. हे टायर पंक्चर होतच नाहीत, असं ऐकून त्यांनी नवीकोरी स्टेपनी पत्रा उडू नये म्हणून छपरावर टाकली होती. तिला बारा उन्हाळे झाले.

ते शिडीनं चढले. स्टेपनी उचलताच कडेच्या रबराचा भुगा गळू लागला.

पेट्रोलच्या गाड्या मोडीत निघाल्यापासून वाडीत हीच एक गाडी होती. डायलिसिसची फाईल मांडीवर घेऊन शालनताई कधीच्या गाडीत बसल्या होत्या.

"सापडली का हो?"

विलासरावांनी स्टेपनी होती तिथंच नीट ठेवली.

"बघतोय अजून," ते वरूनच म्हणाले.