साडेतीनशेची फटफटी

तिसऱ्या किकला फटफटी सुरू झाली. निघोजे गावातल्या त्या अंगणातल्या कोंबड्या पांगल्या. फटफटीचे मालक आबाजी टाकीवर थाप मारून म्हणाले, “ऐका पावणं, कसा ठोका पडतोय! घड्याळ हाय घड्याळ!” आणि लगेच त्यांनी जीभ चावली. पाहुण्यांना, म्हणजे दौलतरावांना, ऐकू येत नाही हे त्यांना आल्याआल्याच सांगितलं होतं.

कुंपणाला टेकलेला शेजारचा भैरू हसला. “बहिऱ्यानं फटफटी घ्यायची! आवाजच न्हाई, तर फटफटी म्हनायचं तरी कशापायी?”

“काय म्हणतोय तो?” दौलतरावांनी मुलीला विचारलं.

मंजुळानं जसंच्या तसं सांगितलं, सावकाश, ओठ नीट हलवत. सगळ्यांत मोठ्यानं दौलतरावच हसले. “मग दुसरं नाव तूच सुचव की, भाऊ,” ते भैरूला म्हणाले.

लढाईत ते पलटणीचे कागद फटफटीवरून पोचवत. इटलीत एक तोफगोळा जवळ फुटला. कान गेले, फटफटीही गेली. त्याला आता अकरा वर्षं झाली होती. पिंपरीच्या एका कारखान्यात ते फिटर होते. सकाळी सायकलवर जात, संध्याकाळी सायकलवर येत. एवढ्या वर्षांत त्यांनी स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. यंदा दिवाळी झाल्यावर मात्र जेवता जेवता म्हणाले, “एखादी जुनी फटफटी बघावी म्हणतो.”

गेल्या दोन रविवारी दौलतराव आणि मंजुळा दोन गाड्या बघून आले होते. खडकीची पाचशे सीसीची स्टँडवरून उतरवतानाच दौलतराव घामाघूम झाले. पलटणीतलं अंग आता राहिलं नव्हतं. शिवाय तिच्या पोटात डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येत होता. मंजुळानं तसं सांगितलं आणि ती गाडी टळली. चिंचवडची सव्वाशेची हलकी होती, पण तिच्यावर बसून दौलतराव म्हणाले, “शेळीवर बसल्यासारखं वाटतंय.” ही तिसरी. लष्कराच्या लिलावातली, साडेतीनशेची. वजन पेलत होतं. साखळी सैल नव्हती, टायरची नक्षी शाबूत होती, खालच्या मातीवर तेलाचा थेंब नव्हता. राहिला होता तो फक्त आवाज.

आवाज पारखायचं काम मंजुळाचं. आज तेच अवघड होऊन बसलं होतं.

सकाळी निघताना आई तिला दौलतरावांच्या पाठीमागं म्हणाली होती, “त्यांना नको म्हणायला माझी जीभ वळत नाही गं. अकरा वर्षांत पहिल्यांदा काही मागितलंय. पण नाशिक रोडवर मागून ट्रक आला तर यांना कळायचं कसं? गाडी कुठलीही असू दे, तू आपलं सांग, आवाज खराब आहे म्हणून. तुझं ते ऐकतील.”

मंजुळा इंजिनजवळ वाकली. कुठं खडखड नाही, घरघर नाही. एखादा तरी वेडावाकडा आवाज यावा म्हणून ती बराच वेळ तशीच वाकून राहिली. इंजिन एका लयीत चाललं होतं.

ती उभी राहिली तेव्हा दौलतराव समोर होते. त्यांची नजर तिच्या ओठांवर होती.

“कसा आहे आवाज?”

बसचा भोंगा, रेडिओवरच्या बातम्या, दारावरची थाप, आत्ताची भैरूची टिंगलसुद्धा, सगळं याच ओठांवरून त्यांच्यापर्यंत पोचत आलं होतं. ती ‘खराब’ म्हणाली असती तर ते मुकाट्यानं घरी परतले असते. पुन्हा त्यांनी फटफटीचं नाव काढलं नसतं.

“चांगला आहे, अण्णा,” मंजुळा म्हणाली. “अगदी स्वच्छ.”

दौलतराव आबाजींकडं वळले.

व्यवहार झाला. आबाजींच्या सुनेनं पुढच्या चाकाला हळदकुंकू लावलं. मागच्या कॅरिअरवर घोंगडीची घडी टाकून मंजुळा बसली आणि गाडी निघाली. पहिल्याच वळणावर गाडी कलली तसे दौलतरावही आपसूक कलले. घरी काय सांगायचं, या विचारात मंजुळा होती. तरी तिला हसू आलं.

नाशिक रोडवर मोशी गाव जवळ आलं तेव्हा मागून ट्रकचा भोंगा वाजला. अण्णांच्या खांद्यावर थाप मारायला मंजुळानं हात उचलला. तो टेकायच्या आत गाडी डावीकडं सरली होती. ट्रक धूळ उडवत निघून गेला. दौलतरावांनी गाडी कडेला घेऊन बंद केली. मंजुळा उतरून त्यांच्यासमोर आली.

“तुम्हाला कळलं कसं?”

त्यांनी हँडलवरच्या आरशाकडं बोट केलं. “मागचं सगळं दिसतं यात.” मग धोतराच्या सोग्यानं आरशावरची धूळ पुसत म्हणाले, “सकाळी मी दाढी करत होतो ना, तेव्हा तुझी आई माझ्या मागंच उभी होती. तिचंही बोलणं दिसलं.”

मंजुळा कानकोंडी झाली. “मग आवाज कसा आहे ते मला विचारलंत कशाला?”

“विचारायला नको? घोर लागणार तो तुमच्या दोघींच्या जिवाला.” ते हसले. “बाकी गाडी चांगली आहे हे इंजिनवर हात ठेवला तेव्हाच कळलं होतं. कारखान्यात दिवसभर तेच तर करतो.”

“आणि मी खराब म्हणाले असते तर?”

दौलतरावांनी किकवर पाय ठेवला.

“तर खराबच होती.”