मोठं कोण?

"विश्वास, आशा आणि प्रीती. या तिन्हींत मोठं कोण, सरजाबाई?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"इस्वास," सरजाबाई लगेच म्हणाली.

चर्चच्या मागच्या बाकावर जगदेवीने डोळे मिटले. हाच प्रश्न तिने सरजाबाईकडून महिनाभर घोटून घेतला होता. माणूस कितीही शिकला, त्याचा विश्वास कितीही पक्का असला, तरी प्रीती नसेल तर सगळं फुकट, हे ज्वारी निवडता निवडता दहादा समजावलं होतं.

मंडळीचे चार पंच गालात हसले. उत्तरं बरोबर आली तरच रविवारी प्रभुभोजनाची भाकर मिळायची. अकरा वर्षं सरजाबाई ती भाकर दुसऱ्यांच्या हातावर पडताना शेवटच्या बाकावरून बघत आली होती.

"नीट विचार करा. मोठं कोण?"

"इचार काय करायचा, साहेब? इस्वास दुसरीला हाय. आशा बालवाडीत. पिरती तर आत्ता कुठं रांगाया लागली."

आता जगदेवीच्या ध्यानात आलं. तिच्या तिन्ही लेकरांची नावं तीच तर होती! लातूरचा वेगळा जिल्हा झाला, तिला नव्या कचेरीत नोकरी लागली. तेव्हापासून तिघांना शेजारची सरजाबाईच दिवसभर घरी येऊन सांभाळत होती.

पाळकसाहेबांनी चष्मा काढला. "पुढच्या वर्षी बघू."

सरजाबाई पदर सावरून उठू लागली. जगदेवी बाकावरून उठली.

"साहेब, एक मी विचारू?"

पाण्याचा टँकर दर चौथ्या दिवशी यायचा. जगदेवी सकाळी घरच्या रांजणात काठी बुडवून पाणी बघायची, संध्याकाळी आल्यावर पुन्हा. दर वेळी पाणी अंदाजापेक्षा जास्तच उरलेलं. लेकरं तहानलेली तर राहत नाहीत ना, या धास्तीने कचेरीत तिचं कामात लक्ष लागत नसे. सरजाबाईला तसं तोंडावर विचारायची मात्र हिंमत झाली नव्हती.

"मावशी, पाणी तांब्याभरच उरलं, तर आधी कुणाला देता?"

"हे काय इचारणं झालं? पिरतीला. तिला मागता येतंय व्हय? मग आशाला. इस्वास मोठा हाय, दम धरतो."

"आणि तुम्ही?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"म्या बघते की, त्यास्नी पिताना. तेवढ्यावर दिस जातो."

या वेळी पंचांपैकी कुणी हसलं नाही. रांजणात उरणारं पाणी कुणाच्या वाट्याचं होतं, ते जगदेवीला कळलं. तिने मान खाली घातली.

पाळकसाहेबांनी वहीत नाव लिहिलं. "प्रीतीच मोठी. बरोबर आहे तुमचं, सरजाबाई. रविवारी पुढं या."

बाहेर उन्हात आल्यावर सरजाबाईने जगदेवीचा दंड धरून तिला जवळ ओढलं. तोंडभर हसू होतं, पण आवाज अगदी बारीक केला.

"मोठा इस्वासच हाय, पोरी. साहेब चुकले. पर चार मानसांत कसं सांगावं त्यास्नी? लाजले असते बिचारे."