देवराईबाहेरच्या चपला

देवराईच्या कडेला चपलाबुटांची रांग दिसली, तेव्हा तानूबाईंना वाटलं, देवीला कौल लावायला गाव जमलाय. तेवढ्यात आतून झाडं कापायच्या मशीनची घरघर ऐकू आली.

खालच्या शहराला इथल्या झऱ्याचं पाणी द्यावं, असं ग्रामसभेत पहिल्यांदा त्याच म्हणाल्या होत्या. त्यांची लेक तिथं टँकरमागे कळशी घेऊन धावत होती. पण पाइप रस्त्याच्या कडेनं न्यायचा, देवराईतली वाळकी काटकीही उचलायची नाही, असं ठरलं होतं. झाडं आहेत म्हणून झरा आहे, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल.

सरपंच झालेला त्यांचा पुतण्या अनवाणी, खडे चुकवत बाहेर आला. "काकी, आतून जवळ पडतं, म्हणून थोडी झाडं काढली. पण रीत मोडली नाही हं! देवीला नारळ दिलाय, एकूण एक माणूस चपला काढून आत गेलाय."

त्याच्या मागे पणजोबांच्या आधीपासूनची अंजनीची झाडं आडवी पडली होती. जिथं भरदुपारी दिवेलागण झाल्यासारखं वाटायचं, तिथं रणरणतं ऊन पडलं होतं.

सवयीनं चपला काढायला वाकलेल्या तानूबाई ताठ झाल्या आणि जन्मात पहिल्यांदा चपला घालून देवराईत शिरल्या.

"काकी, पायात चपला? देवीचं रान आहे!"

"पाइप मात्र नीट घाला रे. पुढच्या उन्हाळ्यात माझ्या लेकीला त्यातनं वारा पाठवायचाय." त्या मागे वळल्या. "आणि रान कुठाय ते दाखव. लगेच काढते चपला."