बाटली अर्धी-अर्धी

नळीतलं पुन्हा सगळं विरघळलं होतं. त्यानं नळी कोमट पाण्यातून काढून बर्फात खुपसली, आणि तरीही एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून पाहिला. आशा वेडी असते. काचेवर नुसता गढूळ गाळ होता.

उंदराच्या स्वादुपिंडात इन्सुलिन बनवणारे पेशींचे बारीक गोल पुंजके असतात. ते हवे असतील तर स्वादुपिंडात एन्झाइम भरायचं, मग ते स्वादुपिंड नळीत घालून कोमट पाण्यात ठेवायचं आणि हलवत राहायचं. एन्झाइम भोवतालचं मांस खातं, पुंजके मोकळे होतात. वेळेत थांबवलं नाही तर ते पुंजकेही खाऊन टाकतं. नळी उजेडाला धरायची, आतला लगदा बारीक रेतीसारखा दिसला की हात थांबला पाहिजे. त्याचा हात पूर्वी बरोबर थांबायचा. पण गेला महिनाभर लवकर थांबवावं तर पुंजके मांसात अडकलेले, जरा उशीर केला की सगळ्याचं पाणी. मधली वेळ म्हणून सापडेना. आपला हातच बिघडला, अशी त्याची खात्री झाली होती. ट्रेमधल्या मेलेल्या उंदराकडे त्याला बघवत नव्हतं.

हे काम त्याला शिकवलं होतं शेजारच्या प्रयोगशाळेतल्या ताईंनी. ताई रोज चहाच्या वेळी न चुकता विचारायच्या, "काय रे, येतायत ना?"

"मस्त येतायत, ताई. तुमचे?"

"झकास!"

झाकली मूठ सव्वा लाखाची. चहा कसाबसा घशाखाली ढकलून तो सटकायचा. जाताना ताईंच्या दाराशी धुवायला ठेवलेल्या रिकाम्या पिंजऱ्यांची थप्पी दिसायची, कालच्यापेक्षा उंच. केवढं काम उपसतात या बाई, असं वाटून त्याची मान आणखीच खाली जायची.

आज ताई स्वतःच दारात उभ्या राहिल्या. हातात पिंजरा, आत दोन उंदीर. त्यानं ते लगेच ओळखले. ताईंनी कित्येक वर्षं तळहाताच्या फोडासारख्या जपलेल्या वाणातले ते शेवटचे दोन. म्हातारे झालेले, आता पिल्लं होणं नाही.

"हे तू कर," ताई म्हणाल्या. "सध्या माझ्यापेक्षा तुझा हात चांगला बसलाय."

"मी?"

"मग कोण? रोज मस्त येतायत म्हणतोस ना?"

त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. नको म्हणावं, तर का ते सांगावं लागणार. हो म्हणावं, तर ताईंच्या इतक्या वर्षांच्या मेहनतीचं पाणी. तरीही तो हो म्हणणार होता. उंदीर म्हातारे होते ताई, त्यांचं स्वादुपिंडच तसलं, एवढी सबब जिभेवर तयारसुद्धा झाली होती. ती किती पटकन सुचली, याचीच त्याला सगळ्यांत जास्त लाज वाटली. पिंजऱ्यातला एक उंदीर मागच्या पायांवर बसून शांतपणे तोंड पुसत होता.

"ताई, मी खोटं बोलत होतो," तो म्हणाला. "महिनाभर मला एकही धड पुंजका मिळालेला नाही. नुसते उंदीर मारतोय."

आता ताई काडकन काहीतरी बोलतील म्हणून तो खाली बघत राहिला. ताई मात्र मटकन स्टुलावर बसल्या.

"तुलाही?"

त्याला पटकन उलगडा झाला नाही. मग दोघांनीही एकदमच फ्रीजकडे पाहिलं. एन्झाइमची नवी बाटली गेल्या महिन्यात आली होती, आणि ती त्यांनी अर्धी-अर्धी वाटून घेतली होती. नवी बाटली आली की आधी ती जुनीशी ताडून बघायची, मगच कामाला घ्यायची, हा ताईंचाच पहिला धडा. त्याला वाटलं, ताईंनी तपासली असेल. ताईंना वाटलं, यानं तपासली असेल. आणि शेजारी मस्त चाललंय म्हटल्यावर बाटलीवर संशय कोण घेणार? खोट असलीच तर आपल्या हाताची.

ताईंची नजर दाराबाहेर गेली. तिथे त्याच्या रिकाम्या पिंजऱ्यांची थप्पी होती. ताईंच्या थप्पीहून जराही कमी नव्हती.

"पण ताई, तुमचंही बिघडत होतं," त्यानं हळूच विचारलं, "तर मला रोज कशाला विचारायचात?"

ताईंनी पिंजरा मांडीवर ओढून घेतला.

"एकदा तरी तू नाही म्हणशील, म्हणून."