फणीतला केस

वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, फणीतून जपून ठेवलेला पांढरा केस नीलाने चिमट्याने ताणून फ्रेमवर वरच्या बाजूला चिकटवला. खाली तुलनेसाठी एखाद्या धडधाकट माणसाचा केस लावायची पद्धत होती. तिने आपलाच एक काळा केस उपटून लावला आणि फ्रेम घाईघाईने किरणांच्या वाटेत बसवली.

विक्रोळीच्या खाडीकडेच्या या विद्यापीठाच्या सिंक्रोट्रॉन या अवाढव्य यंत्रातले क्ष-किरण इतके प्रखर, की केसातला कणभर सोमलही, म्हणजे आर्सेनिकचं विषही, लपत नाही. पण ते मिळायची मारामार. डागडुजीसाठी यंत्र थोड्याच वेळात बंद होणार होतं, आणि हा वेळही इथे संशोधन करणाऱ्या अबोलीने मैत्रीखातर आपल्या वाट्यातून काढून दिला होता.

"उगाच उकरून काढतेयस," सकाळी काढ्याचा पेला हातात देताना नवरा म्हणाला होता. "गेलेलं माणूस परत येणारे का?"

हर्षद तसा मऊच बोलायचा. अण्णा गेल्यापासून नीला खंगत चालली होती. अन्नावरची वासना उडालेली, पायांना सतत मुंग्या. तोच तिचं सगळं बघत होता.

अण्णा वारले ते दहिसरला, तिच्या धाकट्या भावाकडे, सुयोगकडे. उलट्या होऊन होऊन गेले. आणि सुयोगची बायको मालन कशी, तर सासऱ्यांचं पथ्यपाणी दुसऱ्या कुणाला करूच द्यायची नाही. नीलाच्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच.

पडद्यावर वरच्या केसाच्या रेघेत सोमलाचं उंच टोक उभं राहिलं. खालची रेघ सपाट.

"सापडला," नीला म्हणाली. दुःख होतंच, पण खरं सांगायचं तर आत कुठेतरी समाधानही होतं.

"थांब गं. फ्रेम काढून एकदा बघू दे," अबोली म्हणाली.

नीला कुठली थांबतेय. तिने भावाला फोन लावला.

"सुयोग, तुझ्या बायकोने अण्णांना विष घातलं. मी पोलिसांकडे चाललेय."

"ताई, तिने त्यांची घाण काढली गं स्वतःच्या हाताने," म्हणत सुयोग रडायलाच लागला. नीलाने फोन कापला आणि हर्षदला लावला.

"सोमल निघाला रे."

"कुणाच्या केसात?"

"कुणाच्या म्हणजे? अण्णांच्या."

"हो ना," तो म्हणाला. "पोलिसांकडे आपण मिळून जाऊ. आधी घरी ये, दमली असशील."

नीलाला भरून आलं. निदान एक तरी माणूस आपलं होतं.

यंत्र बंद झालं, जाड दार उघडलं. अबोली आत गेली आणि फ्रेम घेऊन बाहेर आली. बराच वेळ ती दिव्याखाली धरून बघत राहिली.

"घाईत तू फ्रेम उलटी बसवलीस, नीला," ती म्हणाली. "अण्णांचा केस खाली गेला होता, तो स्वच्छ आहे. सोमल निघाला तो काळ्या केसात."