घुंगरांशिवाय

"ही कसली नाचाची शिकवणी? इथे कुणी नाचतच नाहीये."

सारंग बूट न काढताच उभा होता. न सांगता लवकर आला होता. मुद्दाम. आत तातामीच्या चटईवर त्याची बायको कौमुदी आणि ती जपानी पोरगी मायुको समोरासमोर बसल्या होत्या. गाणं नाही, बोलणं नाही. नुसत्या एकमेकींच्या तोंडाकडे बघत होत्या.

मायुको उठली, कमरेत वाकून माफी मागितली आणि बॅग उचलून गेली.

"खालच्या आजींनी तक्रार केली ना," कौमुदी म्हणाली. "तत्कार केला की त्यांच्या डोक्यावर धपधप होतं. म्हणून घुंगरू बंद, पाय बंद. आता फक्त चेहरा शिकवते. भाव."

"आणि घरातलं काय काय सांगतेस तिला?"

"तिला मराठी येत नाही. माझं जपानी भाजीच्या दुकानापुरतं. सांगू काय?"

उत्तर बरोबर होतं. म्हणूनच सारंगला पटलं नाही.

तो टेस्टर होता. पुण्याच्या कंपनीने त्याला टोकियोतल्या एका बँकेच्या प्रोजेक्टवर पाठवलं होतं. दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका शोधायचा. संध्याकाळी ग्योतोकुच्या फ्लॅटवर आला की घरातल्या. टीव्हीच्या पाठीला हात लावून बघायचा, गरम आहे का. कौमुदीचा मोबाइल उघडून शेवटचा कॉल कुणाचा ते बघायचा. मारणं-बिरणं अजिबात नाही. आवाजसुद्धा चढवायचा नाही. फक्त विचारायचा. तीच गोष्ट, वेगवेगळ्या दिवशी. उत्तर बदलतंय का बघायला.

मायुको स्टेशनजवळच्या कोनबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानात, पार्टटाइम काम करायची. कॉलेजच्या डान्स ग्रुपमध्ये होती. निशी-कासाईच्या भारतीय वस्तीतल्या दिवाळीच्या कार्यक्रमात तिने कौमुदीचं कथक पाहिलं आणि शिकवा म्हणून मागेच लागली. तिच्या वर्गातल्या मुली काळे सूट घालून नोकरीच्या मुलाखतींना पळत होत्या. ही मात्र दर बुधवारी इथे. अंधार पडेपर्यंत. कधीकधी सारंग घरी आला तरी ही आहेच.

"जपानी माणूस कामाशिवाय कुणाच्या घरी जात नाही," सारंग म्हणायचा. "हिचं काय काम आहे इथे?"

शेवटी त्याने राधिकाला गाठलं. पोरगी सहा वर्षांची, इथल्या शाळेत जाणारी. मराठीत विचारलं की जपानीत उत्तर द्यायची.

"त्या दोघी काय बोलतात गं?"

"बोलत नाहीत. मायुको-सान बघते."

"काय बघते?"

"आईला."

झालं. त्याने त्याच रात्री जेवताना सांगून टाकलं, पुढच्या बुधवारपासून ही भानगड नको. कौमुदीकडे त्या मुलीशिवाय दुसरं कुणीच येत नव्हतं, हे त्याला माहीत होतं. ती रडेल, भांडेल, असं वाटलं होतं.

"बरं," कौमुदी म्हणाली आणि त्याला पोळी वाढली.

इतक्या सहज? त्याला त्याचाही संशय आला.

पुढच्या वर्षी मायुको टीव्हीवर दिसली. एका पॉप ग्रुपच्या मागे नाचणाऱ्या सहा मुलींत डावीकडून दुसरी. मग त्याच ग्रुपमधली एक मुलगी बाहेर पडली आणि ही पुढे आली. गाणंबिणं म्हणायला लागली. कोनबिनीतल्या मासिकांवर तिचा फोटो. जिथे उभी राहून मासिकं लावायची, तिथेच. कौमुदी ते मासिक उचलायची, बघायची, परत ठेवायची. घरी कधी आणलं नाही.

मग एका संध्याकाळी फोन वाजला. सारंगनेच उचलला. मायुको होती. त्याला कळावं म्हणून जपानीत अगदी सावकाश बोलली. रविवारी तिची मालिका सुरू होतेय. पहिल्यांदाच अभिनय करतेय. सेन्सेईंनी, तिच्या गुरूंनी, बघावी, अशी विनंती.

"रोल कसला आहे?"

"घरातल्या बायकोचा," ती म्हणाली.

आठवडाभर त्याच्या डोक्यात तेच. "आपलं घर विकलंय तिने," तो कौमुदीला म्हणाला. "बघच तू. साडी, टिकली, देव्हारा, सगळं येणार. ऑफिसात तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

कौमुदी भांडी पुसत राहिली.

रविवारी तिघं टीव्हीसमोर बसली. सारंग डोळ्यांत तेल घालून बघत होता.

पडद्यावर एक साधं जपानी स्वयंपाकघर. मायुको छोट्या मुलासोबत भाताचे गोळे वळतेय. मुलाच्या नाकाला भात लागलाय, दोघं खिदळतायत. बाहेर कुठेतरी लिफ्टची घंटा वाजते. मायुकोचं हसू तिथल्या तिथे थांबतं. ती पटकन दुसरा कप धुते, पुसते, कपाटात मागे सरकवते. फोनमधलं काहीतरी पुसते. मुलाच्या नाकावरचा भात काढते. मग उजवा तळहात कपाळापासून हनुवटीपर्यंत फिरवते. हात खाली येतो तेव्हा चेहऱ्यावर काहीच उरलेलं नसतं. कुलपात किल्ली फिरते. एक शब्द नाही. नवरा दिसतही नाही. जाहिराती लागल्या.

सारंगने श्वास सोडला. साडी नाही, देव्हारा नाही, इंडियाचं नावसुद्धा नाही.

"यात आपलं काहीच नाहीये," तो म्हणाला. किती दिवसांनी मोकळा हसला. "उगाच टेन्शन घेतलं. पण ओव्हरअ‍ॅक्टिंग आहे यार. असं कोण करतं घरात?"

कौमुदी टीव्हीकडे बघत नव्हती. जमिनीकडे बघत होती.

राधिकाने मान वळवली. या वेळी मराठीत बोलली, त्याला नीट कळावं म्हणून.

"आई करते. रोज. तुला कसं दिसणार बाबा? तू तेव्हा लिफ्टमध्ये असतोस."