वळणावरच्या फांद्या

बाजाराजवळच्या वळणावर मलाबाच्या सीमानाक्याकडे जाणारे ट्रक असे सुटतात, की शाळेची पोरं रस्त्याकडेला ताटकळत राहतात. गतिरोधक मागायला गेले, तर नगरपालिकेचा साहेब म्हणाला, "पुढच्या वर्षी बघू, आजी." म्हटलं, "बघ हो बाबा, तुझी पोरगी कुठे इथून चालत जाते."

मी शाळेत दोनच वर्षं गेले. पण रस्त्यावर हिरव्या फांद्या दिसल्या की पुढे बंद पडलेली गाडी उभी आहे, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. मग रोज सकाळी मीच पेरूच्या चार फांद्या तोडून वळणाच्या अलीकडे टाकू लागले. ट्रक करकचून ब्रेक लावायचे आणि माझी नात नाफुला ऐटीत रस्ता ओलांडायची.

महिन्याभरात सगळ्या ड्रायव्हरांना माझी चाल कळली. माझा लेक सिमियू उतारूंची मटाटू गाडी चालवतो, तोही म्हणाला, "आई, तुझ्या फांद्यांना आता कुणी भीक घालत नाही."

"तू तरी घाल. तुला मी जन्म दिलाय."

रविवारी शाळेला सुट्टी, म्हणून मी दारात शेंगा सोलत बसले होते. सिमियूचा फोन आला. मागे चौदा उतारूंचा गलबला चालू होता.

"काय गं आई, आज सुट्टीलाही फांद्या टाकल्यास? वळणावर पोचलोय, पण आज काही वेग कमी करत नाही बघ."


"अरे, आज मी एकही फांदी तोडली नाही," म्हणेस्तोवर त्याने हसत फोन ठेवला होता.